पेशीतली बंद पाने

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या ओसरीवर जी मंडळी घटकाभर रेंगाळतात, त्यांच्या बोलण्यात अलीकडे एक विषय हटकून येतो. कोणाच्या तरी घरी कर्करोग निघालेला असतो आणि दुसरा कोणी तरी त्यावर झाड सांगत असतो. कधी लक्ष्मणफळाची पाने, कधी गव्हांकुरांचा रस, कधी हळदीच्या पिवळ्याजर्द गोळ्या. पूर्वी ह्या सांगण्यात ‘रक्त शुद्ध होते’ असे म्हणत. आता त्याची जागा एका नव्या वाक्याने घेतली आहे : ‘ह्याने जीन्सच सुधारतात.’ मोबाइलवर आलेला संदेश पुढे केला जातो, ऐकणारा मान डोलावतो, आणि घरी जाताना एखाद्याच्या पिशवीत पानांची जुडी असते.

हे बोलणे हसून सोडून द्यावे असे आम्हांस कधीच वाटले नाही. एक तर सांगणाऱ्याच्या मनात माया असते. दुसरे असे की, ह्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, आणि तो थोडाथोडका नाही. बेनसिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा आणि भूमीतून उगवणाऱ्या औषधांचा मोठ्या आदराने उल्लेख आहे. त्यात वैद्य आणि वनस्पती एकाच परमेश्वराच्या हातची म्हणून शेजारी शेजारी उभी आहेत, एकमेकांच्या विरोधात नव्हेत.

आपल्या दफनभूमीत कबरींच्या कडेने जी गुलाबी-पांढरी सदाफुली आपोआप फुलते, तिचेच उदाहरण घ्या. मधुमेहावर गुणकारी म्हणून तिची पाने जमैकाहून कॅनडातील एका प्रयोगशाळेत गेली. उंदरांच्या रक्तातील साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो रक्ताचा कर्करोग. तेव्हा संशोधकांच्या मनात काय आले असेल ते सांगावयास नको. १९५८ साली त्यांनी ह्या पानांतील एका द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टीन निघाले, आणि १९६० च्या दशकापासून ते लहान मुलांच्या रक्तकर्करोगावर वापरात आहे. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर निघते. म्हणून सदाफुलीची मूठभर पाने चावून कोणी बरा होणार नाही, उलट विषबाधा मात्र होईल.

परंतु व्हिन्क्रिस्टीन जनुके सुधारीत नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणारे जे सूक्ष्म धागे असतात, त्यांची जुळणी ते मोडते. पेशी मध्येच अडकते आणि मरते. हे मारण्याचे काम झाले. वनस्पतीतील द्रव्याने जनुकांचे नियमन बदलणे ही अगदी निराळी गोष्ट आहे, आणि ती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जनुकशास्त्राची सुरुवात एका मठाच्या बागेत झाली, हे आपणां कॅथलिक वाचकांना ठाऊक असेलच. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात ग्रेगर मेंडेल ह्या धर्मगुरूने आठ वर्षे वाटाण्याची रोपे वाढविली, त्यांचा संकर केला, दाणे मोजले आणि १८६६ साली आपला निबंध छापला. जगाने चौतीस वर्षे त्याकडे लक्ष दिले नाही. १९०० साली तो निबंध पुन्हा उजेडात आला तेव्हा मेंडेल मठाधिपती म्हणून काम करून कधीच निवर्तले होते. आईवडिलांकडून मुलांकडे ‘काही तरी’ सुटे सुटे, अखंड स्वरूपात जाते, एवढे त्यांनी दाखवून दिले. त्या ‘काही तरी’ला आज आपण जनुक म्हणतो.

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके आहेत. डोळ्याच्या पेशीत तीच आणि यकृताच्या पेशीतही तीच. मग डोळा डोळा का आणि यकृत यकृत का? आम्हांस येथे धर्मग्रामाच्या कचेरीतील नोंदवहीची उपमा सुचते. वही एकच, परंतु बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर एक पान उघडते, लग्नाचा हवा असेल तर दुसरे. डोळ्याच्या पेशीत डोळ्याची पाने उघडी असतात आणि बाकीची घट्ट मिटलेली. पेशीतील डीएनएचा धागा सुमारे दोन मीटर लांब असतो व तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रीळ सैल झाले की तेथील जनुक वाचता येते, आवळले की वाचता येत नाही. काही ठिकाणी मिथिल नावाचा बारीकसा रासायनिक तुकडा लाखेच्या मोहरेसारखा बसतो, त्यानेही पान बंद होते. वहीतील अक्षर न बदलता ही उघडझाप चालते.

कर्करोगात दोन्ही तऱ्हेचे बिघाड आढळतात. काही ठिकाणी अक्षरच चुकलेले असते. काही ठिकाणी अक्षर शाबूत असते, परंतु ‘आता वाढ थांबव’ असे सांगणारे पानच कोणी तरी मोहोरबंद करून ठेवलेले असते. चुकलेले अक्षर दुरुस्त करणे फार कठीण. मोहोर मात्र उघडता येईल, अशी आशा ह्या दुसऱ्या प्रकाराने निर्माण केली.

ती आशा पहिल्यांदा ठसठशीतपणे फळास आली ती शांघाय शहरात. ती कथा आमच्या फार आवडीची आहे, आणि तिचा एक धागा आपल्या धर्मसभेलाही लागतो. वांग झेन-यी हे चिनी वैद्य १९४८ साली ऑरोरा विद्यापीठातून पदवीधर झाले. हे विद्यापीठ येशूसंघीयांचे. त्यांनी जेथे काम केले ते रुईजिन रुग्णालय म्हणजे १९०७ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी सुरू केलेले संत मरियेचे रुग्णालय होय. पुढे चीनमध्ये राज्य बदलले आणि नावेही बदलली.

वांग ह्यांच्यापुढे रक्तकर्करोगाचा एक विशिष्ट प्रकार होता. त्यात पांढऱ्या पेशी अर्ध्या वयात अडकून पडतात. धड बालपेशी नाहीत, धड प्रौढ नाहीत. रोगी बहुधा रक्तस्रावाने, काही दिवसांतच दगावे. वांग ह्यांच्या मनात आले की, ह्या पेशींना मारण्याऐवजी मोठे करता येईल काय? अमेरिकेतील प्रयोगशाळेत काचपात्रातील अशा पेशींवर रेटिनॉइक आम्ल घातले असता त्या प्रौढ होतात असे दिसले होते. हे आम्ल जीवनसत्त्व ‘अ’चे भावंड, आणि ते जीवनसत्त्व आपले शरीर बनविते ते गाजर, शेवग्याचा पाला, पिकलेला आंबा ह्यांतील केशरी कॅरोटिनपासून. औषधाच्या गोळीतले आम्ल कारखान्यात तयार होते हे खरे. पण मुळात ती किल्ली वनस्पतींनीच घडविलेली.

१९८० च्या दशकाच्या मध्यास मरणाच्या दारी असलेल्या पाच वर्षांच्या एका मुलीला वांग ह्यांनी हे औषध तोंडावाटे दिले. ती वाचली. १९८८ साली त्यांनी चोवीस रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. चोविसांच्या चोवीस रुग्णांत रोग ओसरला होता. एकालाच जोडीला थोडे दुसरे औषध द्यावे लागले. कित्येकांत रोग पुन्हा उलटला, हेही सांगितले पाहिजे. म्हणून पुढे जोडीला इतर औषधे देण्यात येऊ लागली.

हे घडले कसे, ते नंतरच्या काही वर्षांत उलगडले. रेटिनॉइक आम्लाला धरून ठेवणारी आणि जनुकांवर बसणारी प्रथिने १९८७ साली सापडली. ह्या रोगात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात; त्यातून तयार झालेले जोडप्रथिन नेमके ‘मोठी हो’ असे सांगणाऱ्या जनुकांवर ठाण मांडून बसते आणि रीळ आवळून धरते. औषध मोठ्या मात्रेत आले की त्याची पकड सुटते, पाने उघडतात, आणि थबकलेली पेशी आपले वय पुरे करते. प्रौढ झालेली पांढरी पेशी थोड्याच दिवसांत आपल्या मरणाने मरते. ते जोडप्रथिनही मोडीत निघते. २०१३ साली इटली आणि जर्मनीतील डॉक्टरांनी दाखविले की, फार तीव्र नसलेल्या अशा रोगात रेटिनॉइक आम्ल व सोमल ही जोडी, नेहमीची केमोथेरपी न देताही, दोन वर्षांनंतर शंभरांतील सत्त्याण्णव रुग्णांना रोगमुक्त ठेवते.

पापी मनुष्याचा नाश नव्हे तर परिवर्तन, हे आपल्या श्रद्धेचे मर्म आपण लहानपणापासून ऐकत आलो. वैद्यकशास्त्रात त्याचे असे प्रतिरूप पाहावयास मिळेल असे आम्हांस वाटले नव्हते. धर्मोपदेशासाठी दृष्टान्त शोधणाऱ्या आमच्या फादरांना आम्ही ही कथा भेट देतो.

पण दृष्टान्त फार ताणू नये. गाजरातील द्रव्याने एवढे होते, तर ते सर्वांनाच द्यावे, नाही का? हा विचार वैज्ञानिकांनाही सुचला होता. ज्यांच्या आहारात भाज्या-फळे अधिक त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे पाहण्यात आले होते. म्हणून फिनलंडमध्ये १९८५ पासून २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष निवडून काहींना कॅरोटिनची गोळी आणि काहींना नुसती दिखाऊ गोळी देण्यात आली. १९९४ साली निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा सारे अवाक् झाले. कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्क्यांनी अधिक होता. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर चाललेला तसाच प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये वेळेआधी थांबवावा लागला. तेथे वाढ अठ्ठावीस टक्के होती. १९९९ साली फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर प्रयोग झाला. भरपूर कॅरोटिन आणि वर सिगारेटचा धूर दिला असता त्यांच्या फुप्फुसांतील रेटिनॉइक आम्ल घटले, आणि कर्करोगाला आवर घालणारे एक जनुक मंदावले. ज्या किल्लीने शांघायला कुलूप उघडले, तिनेच येथे दुसरे कुलूप अडकविले. गाजराच्या कोशिंबिरीने असे काही होत नाही. बाधली ती गोळीतली मात्रा आणि सोबतीचा धूर.

हे सारे लिहिण्यामागे आमच्या घरातली एक गोष्ट आहे. आमच्या वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, आणि मग दर आठवड्याचे एक, अशी बारा सलाइने ठरली. सातव्याच्या दिवशी गाडी दारात उभी असता त्यांनी पाय उचलला नाही. बोटांना सतत मुंग्या येत होत्या, जपमाळेचे मणी हाताला लागत नव्हते. त्यांच्या उशाशी कोणी तरी आणून दिलेली लक्ष्मणफळाची पाने होती. “आता मी झाडाचंच औषध घेईन,” त्या म्हणाल्या.

आम्ही त्यांना सांगितले की, सलाइनमधले औषध, पॅक्लिटॅक्सेल, तेही झाडाचेच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर यू नावाचा एक सूचिपर्णी वृक्ष आहे, त्याच्या सालीतून ते प्रथम निघाले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर आम्हांस पटकन देता आले नाही. “झाडाचं आहे म्हणता, भाऊजी, तर मग मला एवढं जाळतं का?”

प्रश्न अगदी मर्माचा होता. झाड ही द्रव्ये आपल्यासाठी तयार करीत नाही. त्याला पळता येत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरे ह्यांच्याशी लढण्यासाठी ते आपल्या सालीत, पानांत विष साठविते. यूची पाने खाऊन गुरे मरतात. विषाची मात्रा मोजून, ते नेमके कोठे लागते हे पाहून त्याचे औषध करणे, एवढेच माणसाचे कर्तृत्व. वाढणाऱ्या पेशीचे धागे ते गोठविते. केसांच्या मुळाशीही पेशी वाढतात, म्हणून केस जातात. मज्जातंतूंतही तसेच धागे असतात, म्हणून मुंग्या येतात. ह्यातले जमेल तेवढे आम्ही त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले. त्या दिवशी त्या गेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली, आणि त्या गेल्या. आता तीन वर्षे झाली. सहा महिन्यांनी तपासणीला जातात. मुंग्या थोड्या राहिल्या आहेत.

आमच्याच आळीतील एका गृहस्थांना तोंडाचा कर्करोग झाला तेव्हा गाठ सुपारीएवढी होती. ते आठ महिने पानांचा काढा घेत राहिले. त्यांच्या दफनविधीला आम्ही होतो. काढ्याविषयी तेथे कोणीच बोलले नाही.

लक्ष्मणफळाने कर्करोग बरा झाल्याचे माणसांवरील कोणत्याही नीट प्रयोगाने दाखविलेले नाही. ‘केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी’ हे जे वाक्य फिरते, त्याचे मूळ काचपात्रातील पेशींवर केलेल्या एका जुन्या चाचणीत आहे. ग्वादलूप बेटावर मात्र हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा सतत घेणाऱ्यांत कंपवातासारखा एक विकार अधिक आढळल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. मुलांनी मोसमात चार फोडी खाल्ल्या तर खुशाल खाव्यात. रोज पाने उकळून पिण्याची बाब वेगळी.

राहिली हळद. तिच्याविषयी बोलताना आपल्याला जरा अभिमान चढतो, आणि तो स्वाभाविक आहे. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, त्या लढ्यात गोव्याचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालील संस्था पुढे होती. पण ती गोष्ट जखमेची होती. कर्करोगाच्या बाबतीत, हळदीतील कुर्कुमिन पेशीतील एका ‘मुकादम’ प्रथिनाला अडविते, असे १९९५ साली दिसून आले. हे प्रथिन दाह वाढविणारी आणि पेशीला मरणापासून वाचविणारी कित्येक जनुके एकदम चालू करते. म्हणजे जनुकांच्या नियमनावर हळदीचा परिणाम होतो हे वाक्य खोटे नाही. काचपात्रात ते खरे आहे.

अडचण आहे ती आपल्या पोटाची. बंगळूरच्या सेंट जॉन्स ह्या आपल्याच कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली निरोगी माणसांना दोन ग्रॅम कुर्कुमिन दिले, आणि रक्तात ते जवळजवळ सापडलेच नाही. मिऱ्यांतील पायपेरिन वीस मिलिग्रॅम जोडीला दिले तेव्हा प्रमाण वीस पट वाढले. बाजारातील गोळ्यांवर ‘मिरीयुक्त’ असे जे छापलेले असते त्याचे मूळ येथे आहे. परंतु शून्याच्या जवळच्या संख्येची वीस पट ती किती होणार? शिवाय पायपेरिन यकृताचे दार अडवून हे काम करते, आणि त्याच दारातून कर्करोगाची कित्येक औषधेही शरीराबाहेर जातात. ती अडली तर मात्रा वाढते, आणि वाढलेल्या मात्रेचे विष कोणाला भोगावे लागते ते वहिनींच्या बोटांना विचारावे. हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी २०१९ साली इटलीत झाल्या, नंतर इतरत्रही. ह्यात भर म्हणजे, कुर्कुमिनवरील बऱ्याच नावाजलेल्या निबंधांतील चित्रे संशयास्पद आढळली आणि ते निबंध मागे घेण्यात आले. आजवर शंभराहून अधिक चाचण्या माणसांवर झाल्या; कर्करोगावरचे मान्य औषध त्यांतून अद्याप निघालेले नाही. वहिनींच्या डॉक्टरांनी साधा नियम सांगितला होता : आमटीतली हळद चालेल, डबीतली नाही. आणि जे काही घ्याल ते आधी मला दाखवा. हिरव्या चहातील एक द्रव्य मिथिलची मोहोर काढते, कोबी-फुलकोबीच्या कुळातील दुसरे एक रीळ सैल करते, हेही काचपात्रात पाहिलेले आहे. तेथेही हिशेब तोच.

यूच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल ओळखून काढणारे दोघे होते, मनरो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तेथे जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले, अमेरिकेत गेले, आणि २०२० साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी तेथेच निवर्तले. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी, १९६६ साली, ह्या दोघांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मिळविले होते. डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या प्रथिनाला ते अडविते, आणि त्यापासून बनविलेली औषधे आज आतड्याच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर देतात. वाणींचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आम्हांस तरी कधी आढळले नाही.

तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतील नरक्या ह्या झाडातही आहे, असे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखविले. लाकडाला दुर्गंध येतो म्हणून ते नाव. सरपणालाही कोणी घेत नसे, म्हणून झाड टिकून होते. औषधी कारखान्यांची मागणी आली आणि घाटमाथ्यावरून ट्रकच्या ट्रक लाकूड, बहुधा चोरून, जाऊ लागले. कोवळी झाडेसुद्धा मुळासकट उपटली गेली. आता वनखात्याचे निर्बंध आहेत, आणि काही ठिकाणी रोपवाटिकांतून त्याची लागवड सुरू आहे. ह्या पावसाळ्यानंतर आम्ही घाटावर जाणार आहोत. कोठे उभे असेल तर ते झाड पाहून येऊ. वहिनीही येईन म्हणतात.